एकच नग

खरेदीच्या कुठल्याही संकेतस्थळावर ‘रविवर्मा पेंटिंग’ असं टाइप करून पाहा. पहिल्या पानावर लक्ष्मी येते, सरस्वती येते, हंसाशी बोलणारी दमयंती येते. रंग टवटवीत, कडा सरळ, मागची भिंत पांढरीशुभ्र. कॅनव्हासवर छापलेली, फ्रेमसकट, तीन आकारांत उपलब्ध, खाली आधीच्या गिऱ्हाइकांनी दिलेले तारे. दुसऱ्या पानावरही हीच चित्रं, फक्त विक्रेता वेगळा. या गर्दीत कुठेतरी खोलवर, जिथवर कुणी जात नाही अशा पानावर, एखाद्याने खरोखरचा जुना छाप विकायला ठेवलेला असतो. कागद पिवळट पडलेला, एका कोपऱ्याला पाणी लागलेलं, फोटो घरातल्या ट्यूबलाइटखाली काढलेला. आणि चित्राच्या तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत छापखान्याचं नाव: रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

हा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला. पुढे तो मळवलीला गेला आणि मग फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. छपाई शिळेवरची. एकेका रंगासाठी एकेक दगड घडवायचा आणि तोच कागद पुन्हापुन्हा दाबाखालून काढायचा. चेहऱ्यावरची सावली कारागिराने हाताने टिपलेल्या ठिपक्यांमधून उमटायची. म्हणून जुना छाप भिंगाखाली धरला की ठिपके वाकडेतिकडे, लहानमोठे, गालावर दाट आणि कपाळाशी विरळ असे दिसतात. आजच्या छपाईत ते बहुधा ओळीने बसलेले असतात. काही छापांवर तर घरोघरच्या बायकांनी देवीच्या साडीला खरी जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आढळतात. जुन्या मालाचा जाणकार हे हातात घेताक्षणी ओळखतो. मोबाइलच्या पडद्यावर मात्र दोन्ही लक्ष्म्या बोटाच्या पेराएवढ्या दिसतात, आणि त्यातली नवी अधिक देखणी दिसते.

शोधयंत्राला याचा दोष देण्याआधी त्याचं काम समजून घ्यायला हवं. हे शब्द टाकणाऱ्या माणसांनी आजवर कशावर बोट ठेवलं आणि काय विकत घेतलं, हा हिशेब ते ठेवतं, आणि त्यावरून पुढच्या माणसाला काय आधी दाखवायचं ते ठरवतं. पंख्यासाठी, चपलांसाठी, प्रेशर कुकरसाठी ही पद्धत उत्तम आहे. जो कुकर हजार घरांत गेला तो एक हजार एकाव्या घरालाही चालेल. पण जुन्या छापाचा नग एकच असतो. विकला जाईपर्यंत त्याची विक्री शून्य, आणि विकला गेला की तो यादीतूनच जातो. ज्या गुणावर क्रम लागतो तो गुण कमावण्याची संधीच त्याला आयुष्यात मिळत नाही. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन बाजाराची गेल्या दोन दशकांतली बहुतेक दुखणी या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, असं माझं मत आहे.

०

हे नेहमी असंच नव्हतं, आणि ते कसं बदललं हे पाहायचं तर ईबेची हकीकत सांगायला हवी.

सप्टेंबर १९९५ मध्ये पिअर ओमिड्यार या संगणक अभियंत्याने कॅलिफोर्नियात ‘ऑक्शनवेब’ नावाचं लिलावाचं पान सुरू केलं. तेच पुढे ईबे झालं. त्यावर पहिली वस्तू विकली गेली ती एक मोडका लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरना. मोडका आहे हे कळलंय ना, असं ओमिड्यारने विचारल्यावर आपण मोडके लेझर पॉइंटरच जमवतो असं गिऱ्हाइकाने कळवलं. या धंद्याचं सगळं मर्म या व्यवहारात आहे. एक नग, आणि जगात कुठेतरी तो हवा असलेला एक माणूस. या दोघांची गाठ घालून देणं एवढंच बाजाराचं काम. गावच्या बाजारात ती गाठ पडायला जन्म गेला असता.

त्या काळात ईबेवर काही शोधलं की समोर येणाऱ्या यादीचा क्रम अगदी साधा असे: ज्याचा लिलाव लवकर संपणार ते आधी. लिलाव तीन, पाच, सात किंवा दहा दिवसांचे. आज टाकलेली वस्तू आज यादीच्या तळाशी, आणि दिवस सरतील तशी वर वर सरकत शेवटच्या काही तासांत पहिल्या पानावर. विक्रेता नवा असो की जुना, मोठा असो की एखादी विधवा बाई नवऱ्याच्या तिकिटांचा संग्रह विकायला बसलेली असो, वस्तूची पाळी यायचीच. जाणते विक्रेते आपला लिलाव रविवारी संध्याकाळी संपेल असा टाकत, कारण अमेरिकेतली माणसं तेव्हा निवांत घरी असत. बाजाराची चलाखी म्हणजे एवढीच. तीही सगळ्यांना ठाऊक होती आणि सगळ्यांना जमण्यासारखी होती.

या क्रमाने जुन्या वस्तूंचा धंदा उभा केला. अमेरिकेतल्या लहान गावांमधल्या दुकानदारांनी दुकानाचं भाडं वाचवून घरच्या गॅरेजमधून विक्री सुरू केली. १९९९ मध्ये तर ईबेने सॅन फ्रान्सिस्कोचं बटरफील्ड अँड बटरफील्ड हे जुनं लिलावघर २६ कोटी डॉलरना विकत घेतलं. तो संसार टिकला नाही, २००२ मध्ये ते बोनहॅम्सला विकलं गेलं. पण कंपनीच्या डोळ्यांत तेव्हा जुन्या वस्तूंना काय किंमत होती ते यावरून कळतं.

तो काळ सुवर्णयुग होता असं मात्र मी म्हणणार नाही. शोधात यावं म्हणून लोक शीर्षकात वाटेल ते शब्द कोंबत. कमिशन वाचवण्यासाठी वस्तू एक डॉलरला आणि टपालखर्च तीस डॉलर, असलेही उद्योग चालत. फसवणूक होती. आणि माल वाढत गेला तशी ‘लवकर संपणारे आधी’ ही यादी गिऱ्हाइकाला जड होऊ लागली. साधा फोन चार्जर हवा असलेल्या माणसाने हजारभर लिलाव का चाळावेत? तो ॲमेझॉनकडे जाऊ लागला, आणि जाऊ लागला म्हणून ईबे हादरली.

२९ जानेवारी २००८ रोजी जॉन डोनाहो यांनी, मेग व्हिटमन यांच्याकडून कंपनीची सूत्रं घेण्याच्या सुमारास, नवे नियम जाहीर केले. वस्तू यादीत टाकण्याची फी कमी झाली, पण विकल्यानंतरचं कमिशन वाढलं. लहान किमतीच्या मालावर ते ५.२५ टक्क्यांवरून ८.७५ टक्क्यांवर गेलं. विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाला वाईट शेरा देण्याची सोय काढून घेतली गेली. आणि शोधाचा क्रम ‘बेस्ट मॅच’ नावाच्या गणितावर गेला. गिऱ्हाइकांनी दिलेले तारे कमी असलेल्या विक्रेत्यांचा माल त्यात खाली जाणार होता, आणि पुढे ठरावीक किमतीच्या मालात अलीकडची विक्रीही मोजली जाऊ लागली.

विक्रेत्यांनी १८ ते २५ फेब्रुवारी असा आठवडाभर बहिष्कार पुकारला. अनेकांनी आपला माल यादीतून काढून घेतला. कंपनी हलली नाही. त्याच वर्षी बाय डॉट कॉम या मोठ्या विक्रेत्याला यादीची फी माफ करून लाखो नव्या वस्तू आणू दिल्याचं बाहेर आलं, तेव्हा गॅरेजमधल्या दुकानदारांना वारा कुठे वाहतोय ते कळून चुकलं. लिलावाचा वाटा घसरत गेला आणि ठरावीक किमतीची विक्री हाच मुख्य व्यवहार झाला. २०१३ पासून कॅसिनी नावाचं नवं शोधयंत्र आलं. कंपनीच्याच सांगण्यानुसार बेस्ट मॅच हे पाहतं: शब्द किती जुळतात, वस्तू किती लोकप्रिय आहे, किंमत काय, वर्णन आणि फोटो कसे आहेत, माल किती लवकर पाठवला जातो, परत घेतला जातो का, विक्रेत्याचा पूर्वेतिहास कसा आहे. प्रत्येक बाब एकेकटी घेतली तर रास्त वाटते. कशाला किती वजन, हे मात्र सांगितलं जात नाही.

०

वर असणं आणि खाली असणं यानं इतका काय फरक पडतो, असं वाटू शकेल. चांगली वस्तू शोधणारा शोधून काढेलच की. याबद्दल दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत.

रालुका उर्सू या संशोधिकेने २०१८ मध्ये एक्सपीडिया या प्रवाससंस्थेच्या माहितीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे काही ग्राहकांना हॉटेलांची यादी मुद्दाम उलटसुलट क्रमाने दाखवली होती, त्यामुळे क्रमाचा परिणाम वेगळा काढून मोजता आला. निष्कर्ष असा की वरच्या जागेमुळे हॉटेलवर क्लिक होण्याची शक्यता वाढते. पण एकदा क्लिक करून पाहिलं की घ्यायचं की नाही हे ठरवताना त्या जागेचा प्रभाव उरत नाही. जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याला हे वाचून एकाच वेळी धीर यावा आणि संताप यावा असं आहे. गिऱ्हाईक त्याच्या मालाला नाकारत नाही, गिऱ्हाइकापर्यंत माल पोचतच नाही.

दुसरा अभ्यास सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा, २००६ मधला. १४,३४१ जणांना ४८ अनोळखी गाणी ऐकवली. काहींना आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दाखवलं, काहींना नाही. दाखवलेल्यांचेही वेगवेगळे गट होते, एकमेकांशी संबंध नसलेले. प्रत्येक गटात लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, पण कुठलं गाणं वर जाणार ते गटागटाला वेगळं निघालं. सुरुवातीला चार माणसांनी काय उचललं यावर पुढचं बरंचसं ठरलं. गाण्याला निदान ती चार माणसं मिळतात. ज्या वस्तूचा एकच नग आहे तिला पहिला माणूस मिळाला की गोष्टच संपते.

मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर, किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रविवार-बुधवारी जरा वेळ उभं राहिलं तर क्रम लावण्याची दुसरी एक रीत दिसते. रस्त्याच्या बाजूला मांडलेला माल असतो तो येणाऱ्याजाणाऱ्यासाठी. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे म्हणून विकले जाणारे दिवे, पितळी होकायंत्रं, त्यातले बरेच नवे. दुकानदार गिऱ्हाइकाकडे पाहतो. ते कशाला हात लावतं, वस्तू उलटी करून बुड पाहतं का, किंमत आधी विचारतं की कुठून आली ते विचारतं, यावरून तो माणूस जोखतो आणि मग मागच्या कपाटातला नग काढतो. खपत नाही तो माल तो दडवत नाही, योग्य माणूस येईपर्यंत जपून ठेवतो. वर्ष गेलं, दोन गेली तरी त्या नगाची पत कमी होत नाही. ऑनलाइन यादीत मात्र न विकता पडून राहिलेला प्रत्येक दिवस वस्तूच्या विरुद्ध जमा होतो.

०

आता एक अडकित्ता विकायला काढू.

अडकित्ता निवडायला कारण आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा जो संग्रह आहे तो पाहिलेला माणूस सुपारी कातरण्याच्या हत्याराकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकत नाही. मोराच्या आकाराचे, घोड्याच्या, राघूच्या, जोडप्याच्या आकाराचे. दिनकर केळकर, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’, पत्नी कमलाबाईंच्या साथीने गावोगाव हिंडून ही रोजच्या वापरातली कलाकुसर गोळा करत राहिले. त्यातला एकही अडकित्ता दुसऱ्यासारखा नाही.

असा एक पितळी अडकित्ता, समजा साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा, ईबेवर टाकायचा आहे. शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा. त्यात वस्तू काय, कशाची, कुठली, किती जुनी आणि कोणत्या आकाराची हे बसवायचं. शब्द असे हवेत की अमेरिकेत किंवा जर्मनीत बसलेला संग्राहक जे टाइप करेल त्याच्याशी जुळतील. मग तक्ता समोर येतो: ब्रँड, मॉडेल, निर्मितीचा देश, रंग, शैली, मूळ की नक्कल. २०१५ पासून कंपनीने नव्या ब्रँडेड मालासाठी बारकोडचे आकडे मागायला सुरुवात केली आणि सगळा माल एका सूचीत बसवायचा घाट घातला. जुन्या मालाच्या विक्रेत्याला अशा रकान्यांत ‘लागू नाही’ असं लिहायची मुभा आहे. पण गिऱ्हाइकाने डावीकडच्या चाळणीत एखादी खूण केली की रिकाम्या रकान्यांचा माल यादीतून गळतो. म्हणून विक्रेता सगळे रकाने भरतो. सांगलीच्या वाड्यातून आलेल्या अडकित्त्याची ‘शैली’ कोणती? दिलेल्या पर्यायांपैकी कुठलीतरी.

त्याच्या शेजारी यादीत उभा असतो नवा ओतीव पितळी अडकित्ता, जुनाट रंग दिलेला. मुरादाबादला पितळेच्या नव्या वस्तूंना असा ‘अँटिक फिनिश’ देणं हा उघड आणि प्रामाणिक उद्योग आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की शोधाच्या रकान्यात ‘अँटिक ब्रास’ टाकलं की दोन्ही एकाच पंगतीत बसतात, आणि नव्याच्या पानावर लिहिलेलं असतं: इतके विकले गेले, इतके शिल्लक. तेच पान, तोच फोटो, प्रत्येक विक्रीगणिक वर चढत जातो. जुन्याला चढायला पायरीच नाही.

विक्रेत्यांनी यावर आपापले तोडगे काढले. ठरावीक किमतीच्या वस्तू ईबेने २०१९ मध्ये ‘विकेपर्यंत चालू’ याच एका प्रकारात आणल्या. त्या महिन्याच्या महिन्याला आपोआप पुढे चालू राहतात आणि दिसेनाशा होत जातात, असा विक्रेत्यांचा अनुभव. म्हणून ते पडून राहिलेली यादी बंद करतात आणि तीच वस्तू नवी म्हणून पुन्हा टाकतात, म्हणजे काही दिवस तरी ती नव्या मालात धरली जाईल. शेकडो वस्तू असलेल्या माणसाचे दर महिन्याचे कित्येक तास या उचलाठेवीत जातात. त्या वेळात त्याने एखाद्या नाण्याचा साचा ओळखला असता, एखाद्या पोस्टरचं साल शोधलं असतं.

आणि पैसे भरून वर जाण्याची वाट आहेच. ईबेने २०१५ मध्ये जाहिरातीच्या याद्या सुरू केल्या. किमतीचा काही टक्के हिस्सा विक्रेता बोलतो, वस्तू वरच्या जागी दिसते, आणि जाहिरातीवरून येऊन कुणी ती घेतली तर तेवढे पैसे कापले जातात. विक्री झाली तरच पैसे, म्हणून हे सुरुवातीला सगळ्यांना निर्धोक वाटलं. पण शेजारचा पाच टक्के बोलला की आपल्याला सहा बोलावे लागतात. २०२४ मध्ये ईबेला जाहिरातींतून सुमारे १६० कोटी डॉलर मिळाले. हे पैसे विक्रेत्यांच्या नफ्यातून आले. कारखानदार पुढच्या हजार नगांच्या किमतीत जाहिरातीचा खर्च घालू शकतो. जुन्या मालाच्या विक्रेत्याने वस्तू ज्या भावाला घेतली तो भाव ठरून गेलेला असतो, आणि तिची किंमत शेवटी संग्राहक ठरवतो. जाहिरातीचा पैसा सरळ त्याच्या खिशातून जातो.

एट्सीचा किस्सा याहून बोलका आहे. २००५ मध्ये ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली ही बाजारपेठ हातांनी केलेल्या वस्तूंसाठी आणि वीस वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी. २०१९ मध्ये तिने जाहीर केलं की अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना शोधात आधी दिसेल तो टपालखर्च न लावणाऱ्यांचा, किंवा ३५ डॉलरच्या पुढे तो माफ करणाऱ्यांचा माल. कानातल्या डुलांना हे परवडतं. चार किलोच्या पितळी समईला, काचेच्या कंदिलाला, पेटीत पेंढा भरून पाठवायच्या चिनी मातीच्या बरणीला हे परवडत नाही. खर्च किमतीत मिळवला तर किंमत जास्त दिसते, न मिळवला तर वस्तू खाली जाते. २०२० मध्ये बाहेरच्या संकेतस्थळांवरच्या जाहिराती आल्या. वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक विक्री असलेल्यांना त्यातून बाहेर पडायची सोय नव्हती. एप्रिल २०२२ मध्ये कमिशन ५ वरून ६.५ टक्के झालं, तेव्हा विक्रेत्यांनी ११ तारखेपासून आठवडाभर दुकानं बंद ठेवली. ईबेच्या बहिष्काराला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

सगळंच खापर शोधाच्या क्रमावर फोडणं बरोबर होणार नाही. जर्मनीतल्या हुमेल बाहुल्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी घरी नेल्या आणि पुढे पिढीभर लोकांनी त्या दुर्मीळ समजून जपल्या. ऑनलाइन बाजार आल्यावर कळलं की त्या सगळ्यांकडेच आहेत, आणि भाव कोसळले. ते होणारच होतं. खोटा दुर्मिळपणा उघडा पडला हे चांगलंच झालं. मला काळजी आहे ती याच यंत्रणेने खरा दुर्मिळपणाही झाकून टाकल्याची.

०

आपल्याकडे हा बाजार उभा राहतो न राहतो तोच मोडला. २००४ मध्ये ईबेने बाझी डॉट कॉम विकत घेतली आणि ईबे इंडिया झाली. नाणी, नोटा, टपाल तिकिटं, काडेपेटीची लेबलं, सिनेमाची पोस्टरं, एचएमव्हीच्या तबकड्या जमवणाऱ्यांना देशभराची एक बाजारपेठ पहिल्यांदा मिळाली. शिवराई जमवणाऱ्या माणसाला साताऱ्यात बसून इंदूरचा नग दिसू लागला. २०१७ मध्ये हा व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते संकेतस्थळ बंद झालं. त्याजागी फ्लिपकार्टने जे काढलं ते दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या फोन-लॅपटॉपसारख्या मालासाठी होतं. नाणंवाले वाऱ्यावर राहिले.

ते गेले व्हॉट्सॲप आणि फेसबुकच्या गटांवर. वस्तूचा फोटो पडतो, खाली किंमत, आणि जो आधी ‘घेतलं’ म्हणेल त्याची ती वस्तू. काही गटांत ठरलेल्या वेळी लिलाव चालतात. इथे क्रम पुन्हा वेळेचा आला, आणि प्रत्येक नगाची पाळी येऊ लागली. संग्राहकांना हे गट जवळचे वाटतात ते उगाच नाही. पण गटात ओळखीचेच असतात. ज्याला अजून आपण संग्राहक आहोत हे ठाऊकच नाही, ज्याच्या हातून चुकून ‘अडकित्ता’ हा शब्द शोधात टाकला जाईल आणि मग तो आयुष्यभर त्यात अडकेल, असा नवा माणूस तिथे येत नाही. आणि गटातल्या व्यवहाराची किंमत कुठे नोंदली जात नाही, त्यामुळे भावाचा अंदाज बांधायला जागा उरत नाही.

उघड्या शोधात त्या मानाने काय दिसतं? जुन्या पाच रुपयांच्या नोटेला लाखो रुपये मिळवा, असल्या जाहिराती. या प्रकाराने इतकी मजल गाठली की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढावं लागलं: जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात आमच्या नावाने कुणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर फसू नका. साध्या नोटेला लाखो, या वाक्यावर लोक क्लिक करतात, आणि क्लिक झालेलं वर येतं. जो विक्रेता त्याच नोटेला खरी किंमत लावतो, तिच्यावर सही कोणत्या गव्हर्नरची, अनुक्रमांक कसा, कागद किती घडीचा हे नीट लिहितो, तो तळाशी.

भारतीय विक्रेत्याच्या पायात कायद्याची आणखी एक साखळी आहे, आणि ती असायलाच हवी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची. पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. त्यामुळे जगभरच्या गिऱ्हाइकासमोर प्रामाणिकपणे ठेवता येतो तो शंभर वर्षांच्या आतला माल: पोस्टरं, पत्र्याच्या जाहिराती, रेडिओ, डबे, लेबलं. नेमक्या याच मालाच्या नव्या नकला सर्वांत जास्त निघतात. जुन्या पत्र्याच्या जाहिरातीवरचा गंज, खिळ्यांच्या भोकांभोवती टवके उडालेला मिन्याचा थर, हाच तिचा पुरावा. फोटोची प्रत मोजणाऱ्या यंत्राच्या लेखी ते डाग आहेत.

०

यावर काही करता येईल का? युरोपीय संघाचा एक नियम १२ जुलै २०२० पासून लागू झाला. ऑनलाइन बाजारपेठांनी क्रम कोणत्या मुख्य बाबींवर लावला जातो ते विक्रेत्यांना सांगावं आणि मोठ्या बाजारपेठांनी विक्रेत्यांच्या तक्रारींसाठी आपल्याकडे व्यवस्था ठेवावी, असं त्यात आहे. त्याच महिन्यात आपल्याकडे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आले. क्रम ठरवणाऱ्या मुख्य बाबी आणि त्यांचं तुलनात्मक महत्त्व सोप्या भाषेत जाहीर करावं, असं तेही सांगतात. नियम चांगला आहे. त्यातली तक्रारीची व्यवस्था मात्र ग्राहकासाठी आहे, ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. लहान विक्रेत्याने आपली वस्तू का दिसत नाही हे विचारायचं कुणाला, ते त्यात नाही.

उपायाचा विचार तर फार पूर्वी झालेला आहे, आणि त्यात मुंबईचा हात आहे. २००५ मध्ये संदीप पांडे, आयआयटी मुंबईचे सौमेन चक्रवर्ती आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध सादर केला. विषय होता वेबवरची पानं. लोकप्रियतेवर क्रम लावला तर नवी, चांगली पण अजून कुणी न पाहिलेली पानं कायमची खाली राहतात, आणि नुकसान वाचकाचंच होतं. त्यांनी सुचवलं की निकालांच्या सुमारे दहा टक्के जागा न पाहिलेल्या पानांसाठी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या द्याव्यात. एवढ्याशा बदलाने, त्यांच्या हिशेबाप्रमाणे, एकंदर निकालांची प्रत खालावण्याऐवजी सुधारते. बाजारपेठेच्या एका पानावर साठ वस्तू दिसत असतील तर सहा जागा. त्या सहा जागा विकत घेता येऊ नयेत, एवढीच अट घालावी लागेल.

जुन्या आणि एकेकट्या वस्तूंच्या विभागात याहूनही सोपं करता येईल. तिथे यादी उघडताच ‘नव्याने आलेलं आधी’ हा क्रम दिसावा, आणि लोकप्रियतेचा क्रम ज्याला हवा त्याने निवडावा. आज हे उलटं आहे. निवडीची सोय आहे, पण तिच्यापर्यंत जाणारं गिऱ्हाईक मुळातच जाणकार असतं. ते ‘नव्याने आलेलं’ निवडतं, शोध साठवून ठेवतं आणि सूचना मागवतं. ज्याच्यासाठी ही सोय व्हायला हवी तो पहिलंच पान पाहून परत जातो.

ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे २०२० चे नियम आहेत. त्यांच्या आधारे प्रत्येक बाजारपेठेला एक प्रश्न लेखी विचारता येईल, आणि त्याचं उत्तर आकड्यात मागता येईल: ज्या वस्तूची आजवरची विक्री शून्य आहे आणि जिच्यासाठी जाहिरातीचा एक रुपयाही भरलेला नाही, ती वस्तू तुमच्या शोधाच्या पहिल्या पानावर गेल्या वर्षभरात किती वेळा दिसली?